भिंतीवर फोटो कोणाचे?

लुसी तुस्कानो इटलीला फोन लावायच्या तेव्हा आमच्या ऑफिसात बाकी कुणाला काही काम करता यायचं नाही. "प्रोन्तो!" अशी त्यांच्या इटालियन हॅलोची पहिली आरोळी गेली की मी हातातलं प्रूफ बाजूला ठेवून चहा करायला उठायचे. पलीकडे इटलीतल्या कुठल्यातरी डोंगराळ गावातली रिसेप्शनिस्ट आणि अलीकडे दुबईत, करामातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये, वसईच्या लुसीबाई. फोनवर दिसत नसले तरी हातवारे पूर्ण. प्रश्न ठरलेले असायचे. तुमच्याकडे रात्री डॉक्टर थांबतो का? बिल सरकार भरतं की घरचे? आलेली माणसं बरी होऊन घरी जातात का? आणि मग शेवटचा, जो ऐकल्यावर पलीकडची बाई हमखास गप्प व्हायची. भिंतीवर फोटो कोणाचे आहेत?

एवढा खटाटोप एका शब्दाच्या भाषांतरासाठी असायचा.

आमचं ऑफिस लीगल ट्रान्सलेशनचं. कागद आणा, भाषांतर करून घ्या, वर गोल शिक्का मारून न्या. मी बिलं आणि प्रूफं बघायचे, लुसीबाईंकडे इटालियनचं टेबल होतं. इथे नोकरीला आलेले इटालियन इंजिनिअर, शेफ, नर्सेस आपापले कागद घेऊन यायचे. लग्नाचा दाखला किंवा डिग्री कुणीही करील. घोडं अडायचं ते दवाखान्यांच्या नावांपाशी. 'कासा' म्हणजे घर. त्यातलं 'कासा दी कूरा' म्हणजे खाजगी हॉस्पिटल, तिथे चक्क ऑपरेशनं होतात. 'कासा दी रिपोझो' हा वृद्धाश्रम. या दोहोंच्या मधे 'रेसिदेन्झा' नावाचा एक प्रकार, तिथे नर्स असते, औषधपाणी असतं, पण माणूस राहायलाच आलेला असतो. यातल्या कशाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर कुणाचा क्लेम, कुणाची रजा, कुणाचं नर्सिंगचं लायसन्स अडकलेलं असायचं.

"डिक्शनरी बघा ना," असं मी नवीन असताना एकदा म्हणाले होते.

"बाय, डिक्शनरी कधी ॲडमिट झालीये का कुठे?" लुसीबाई म्हणाल्या. "मग तिला काय विचारायचं?"

आमचे बॉस हानीसाहेब इजिप्तचे. ते लुसीबाईंच्या फोनच्या बिलाकडे बघून उसासे टाकायचे. "लूसी, हबीबती, वन वर्ड! जस्ट वन वर्ड! यल्ला, फिनिश!" एका वर्षी बाई वसईला गेलेल्या असताना त्यांनी कुठल्याशा फुकटच्या ॲपमधून एक कागद उरकून टाकला. इटलीच्या सरकारी आरोग्य खात्याची त्यात 'लोकल हेल्थ कंपनी' झाली आणि इमर्जन्सी वॉर्डाचं झालं 'रेडी हेल्प'. इन्शुरन्सवाल्यांनी कागद परत पाठवला आणि विचारलं की या कंपनीचं ट्रेड लायसन्स कुठे आहे. लुसीबाई परत आल्यावर त्यांना हे कुणी सांगायचं यावर ऑफिसात दिवसभर चर्चा झाली. शेवटी हानीसाहेबांनीच सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यानंतर फोनच्या बिलावरचे उसासे कमी झाले.

दिसायला त्या ठेंगण्या, गोल, केस कायम करड्या रंगाच्या क्लिपमध्ये आवळलेले. पर्समध्ये जपमाळ, बामची बाटली आणि केळीच्या पानात बांधलेली वसईची सुकेळी. कुणी रागावलेलं दिसलं की एक सुकेळं पुढे करायच्या. हानीसाहेबांना तर त्या सुकेळ्यांची इतकी सवय झाली होती की मला कधीकधी शंका यायची, हा माणूस मुद्दाम रागावतो. पँट्रीत त्यांचं इटालियन कॉफीचं अष्टकोनी भांडं होतं, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि साबण तर मुळीच लावायचा नाही. मी एकदा ते विमबारने लख्ख घासलं, तर पुढे आठवडाभर मला सुकेळं मिळालं नाही. इटालियन लोक त्यांचं आडनाव ऐकून विचारायचे, तुम्ही मूळच्या टस्कनीच्या का? "नाही, वसईची," त्या ठणकावून सांगायच्या. "टस्कनीवाले आमच्याकडून गेले असतील तर विचारा."

आम्ही दोघी शारजात अल नहदाला राहायचो, आमच्या बिल्डिंगा समोरासमोर. एकाच कारलिफ्टने, म्हणजे महिन्याच्या पैशांवर ठरवलेल्या सामायिक गाडीने, यायचो-जायचो. शारजा-दुबईच्या त्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासन् तास मुंगीसारखी सरकायची, आणि तिथेच मला कळलं की फोटोंचा प्रश्न आला कुठून.

लुसीबाई अगदी तरुण असताना चर्चच्या ओळखीने नर्सच्या हाताखाली काम करायला इटलीला गेल्या होत्या. आधी मोठ्या हॉस्पिटलात, मग 'कासा'त, मग म्हाताऱ्या माणसांच्या 'रेसिदेन्झा'त. भाषा येत नव्हती. दारावरची पाटी वाचून काही कळायचं नाही, म्हणून त्या भिंतींकडे बघायला शिकल्या.

"हॉस्पिटलात माणूस काय आणतो? पायजमा, सपाता, टॉवेल. पिशवीतून आणतो आणि पिशवीतून घेऊन जातो. भिंतीवर फक्त क्रूस. पण दुसऱ्या ठिकाणी बघ. नवीन बाई आली की आठवडाभरात मेंटेनन्सवाला हातोडा घेऊन येतो. विचारतो, सिन्योरा, कुठे लावू? आणि ती बोट दाखवते. इथे माझं लग्न लाव, इथे माझा नवरा लाव." बोलता बोलता त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "त्या बोटाकडे बघवत नाही, बाय. तिला कुणी सांगितलेलं नसतं की आता घरी जायचं नाहीये. पण खिळा ठोकला की तिला कळतं."

पुढची गाडी हलली आणि आमचा ड्रायव्हर कुणालातरी मल्याळममध्ये शिव्या द्यायला लागला.

हा प्रश्न नुसता कागदापुरता नव्हता हे मी दारिओच्या वेळी पाहिलं. दारिओ हा अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात इंजिनिअर होता, उंचापुरा, तापट. त्याची आई पडली होती, इटलीत हॉस्पिटलात होती आणि तिथून तिला दुसरीकडे हलवलं होतं. बहिणीने फोनवर सांगितलेलं, थोडे दिवस व्यायाम करून घेतील, मग घरी. त्याच्या कंपनीचा नियम असा की आईवडील हॉस्पिटलात असतील तरच तातडीची रजा. दारिओ अबू धाबीहून गाडी चालवत आला आणि कागद टेबलावर आपटून म्हणाला, इथे इंग्लिशमध्ये हॉस्पिटल लिहा, मी शनिवारी निघतो.

लुसीबाईंनी नाव वाचलं आणि फोन स्पीकरवर लावला. डॉक्टर रात्री नसतो, बोलावलं तर येतो. बिल अर्धं सरकार, अर्धं घरचे. माणसं घरी जातात का, याला पलीकडून जरा गोलमोल उत्तर आलं. मग फोटोंचा प्रश्न. पलीकडची बाई बोलघेवडी निघाली. म्हणाली, लावतो ना, सगळ्यांचे लावतो, परवा आलेल्या सिन्योराचं तर आम्ही स्वयंपाकघरातलं घड्याळसुद्धा लावून दिलं.

दारिओ समोरच बसला होता. घड्याळाचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. ते घड्याळ त्याच्या घरचं होतं.

लुसीबाईंनी फोन ठेवला. "हॉस्पिटल मी लिहिणार नाही," त्या त्याला म्हणाल्या, आणि मग मला जेवढं कळलं तेवढं सांगते. तो ओरडला. त्याही ओरडल्या. हानीसाहेब केबिनमधून अर्धे बाहेर आले आणि अर्धेच परत गेले. बाई म्हणत होत्या की मी खोटं लिहिलं तर तू आठवड्यासाठी जाशील, आई बरी होतेय असं समजून परत येशील. खरं वाच आणि बिनपगारी जा, पण सावकाश जा. शेवटी त्याने डोकं टेबलावर टेकवलं. लुसीबाईंनी पर्समधून सुकेळं काढलं.

तो बिनपगारी गेला. बऱ्याच आठवड्यांनी कॉफीचा डबा घेऊन आला आणि लुसीबाईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, तेव्हा हानीसाहेब पुन्हा केबिनमध्ये गेले. आई गेली होती. पण त्याआधी एका रविवारी त्याने तिला व्हीलचेअरसकट गाडीत घालून घरी जेवायला नेलं होतं. जेवण झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, चल आता. "ती घरून निघाली," दारिओ सारखं सांगत होता. "हॉस्पिटलातून तिला दुसरीकडे नेलं तेव्हा कुणी तिला विचारलंच नव्हतं. या वेळी ती आपल्या घरून निघाली." लुसीबाईंनी ते वाक्य मला कारलिफ्टमध्ये पुन्हा मराठीत करून सांगितलं, जसं काही माझ्यासमोर ते झालंच नव्हतं.

आता त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल. लुसीबाईंचे मिस्टर आंतोन इथल्या एका हॉटेलात शेफ होते. लग्न झालं आणि बाई इटली सोडून इथे आल्या. आंतोन मी पाहिले नाहीत, पण त्यांचा फोटो पाहिला. डोक्यावर उंच पांढरी टोपी, शेजारी त्यांनीच कोरलेला बर्फाचा हंस. फोटो काढेपर्यंत हंसाची मान निम्मी वितळलेली, तरी माणूस अभिमानाने फुललेला. एवढा सुंदर फोटो लुसीबाईंनी मायक्रोवेव्हवर टेकवून ठेवला होता. जेवण गरम करताना दर वेळी आंतोनना आधी बाजूला ठेवावं लागायचं.

गल्फमध्ये भाड्याच्या घरात कुणी सहसा खिळे ठोकत नाही. सोडताना घरमालक भिंती तपासतो, भोकं मोजतो आणि डिपॉझिटमधून कापतो. आम्ही सगळेच चिकटवायचे हुक वापरतो, आणि ते उन्हाळ्यात हमखास गळून पडतात. पण लुसीबाई तो हुकसुद्धा लावायच्या नाहीत. "आंटी, व्हाय डोन्ट यू जस्ट हँग हिम?" असं माझ्या मुलीने एकदा विचारलं आणि मी तिला डोळ्यांनी दटावलं. माझे मिस्टर शिरीष हौशी आहेत, ते म्हणाले, मी येतो ना हातोडी घेऊन, भोक बुजवायचं मी बघतो.

"नको हो," लुसीबाई म्हणाल्या. "मी इथे पायजमा-सपातावाली आहे. पिशवी घेऊन आले, पिशवी घेऊन जाईन."

उभा संसार झाला होता बाईंचा त्या फ्लॅटमध्ये. मुलगी शेरॉन तिथेच मोठी झाली आणि लग्न होऊन वसईला गेली. आंतोन तिथेच गेले. आणि तरी ही बाई स्वतःच्या घरात पेशंटसारखी राहत होती. मला राग आला होता, अजूनही आठवलं की येतो.

मग गेल्या वर्षी त्या बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं आणि त्यांना एका रिहॅब सेंटरमध्ये हलवलं. शेरॉन वसईहून धावत आली. व्हिसाची मुदत संपत आली होती, आणि या वयात, या पायाने तो पुन्हा मिळणार नव्हता, हे हानीसाहेबांनी डोळे पुसत सांगितलं. शेरॉनने सगळं ठरवूनच टाकलं होतं. वसईला तळमजल्यावर खोली तयार केली होती. इथून थेट एअरपोर्ट, व्हीलचेअर बुक, फ्लॅट ती आणि मी मिळून आवरू. मम्मीला दगदग नको.

पोरगी गुणाची. मम्मीला बरं वाटावं म्हणून तिने फ्लॅटवरून आंतोनचा फोटो आणला आणि हुक चिकटवून पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. मी संध्याकाळी भेटायला गेले तर लुसीबाईंचा चेहरा लाल, बीपी वाढलेलं, नर्स धावपळ करतेय आणि शेरॉन कोपऱ्यात रडतेय.

"मेधा, तो काढ आधी!" त्या मला बघताच ओरडल्या.

मी खुर्चीवर चढून फोटो काढला. त्यांनी तो छातीशी धरला, मग उशीखाली सरकवला.

"मम्मी, आय ओन्ली थॉट..." शेरॉन म्हणाली.

"मला माहितीये, बाळा." त्यांचा आवाज खाली आला. "पण ऐक. मी वसईला येणार आहे. भांडत नाहीये. पण इथून नाही येणार. मी आधी माझ्या घरी जाणार, माझ्या पायाने, आणि मग घरून निघणार. मला इकडून उचलून तिकडे ठेवायची नाही."

शेरॉनने माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं नव्हतं. मी तिला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं आणि दारिओची गोष्ट सांगितली.

डॉक्टर म्हणाले, वॉकरवर स्वतःच्या स्वतः चालल्या, बाथरूमला जाऊन आल्या, तर घरी सोडतो, नाहीतर धोका आहे. आणि व्हिसाचे दिवस तर सरत होते. मग लुसीबाई चालायला लागल्या. फिलिपिनो फिजिओथेरपिस्ट मारिसेल एका बाजूला, वॉकर पुढे, आणि दर पावलाला एक 'नमो मरिया'. दुखलं की मधेच इटालियन शिवी. मारिसेलही कॅथलिकच, तिला प्रार्थना ओळखू यायची पण शिवी कळायची नाही, त्यामुळे ती दोन्हींना 'आमेन' म्हणायची. काही दिवस अगदी वाईट गेले. एकदा त्या अर्ध्यातच पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "नाही जमत, मेधा. लाव तो फोटो." मी म्हटलं, लावणार नाही, खुर्ची डुगडुगते. खुर्ची चांगली दणकट होती. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा वॉकर धरला.

आणि व्हिसा संपायला थोडेच दिवस उरलेले असताना त्या घरी आल्या. लिफ्टपासून दारापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. सोफ्यावर बसून दम घेतला, कॉफीचं भांडं मागितलं, आणि मला म्हणाल्या, "शिरीषरावांना बोलाव. म्हणावं हातोडी घेऊन या."

मी उडालेच. "अहो, आता? तुम्ही चार दिवसांत निघणार!"

"म्हणून तर."

शिरीष आले. पहिला खिळा वाकला, दुसरा वाकला. तिसरा सरळ आत गेला. शिरीषनी त्याआधी विचारलं होतं, "लुसीबाई, कुठे लावू?" आणि सोफ्यावरून त्यांनी बोट दाखवलं होतं, खिडकीशेजारी, जिथे सकाळचं ऊन येतं. मी त्या बोटाकडे बघत होते. मला ते अगदी बघवलं. आंतोन आणि त्यांचा निम्मा हंस भिंतीवर गेले, खाली प्लास्टरचा चुरा पडला. मी झाडू आणायला उठले तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं. दिसू दे जरा."

ते थोडे दिवस त्यांनी दरबार भरवला. ऑफिसातले सगळे येऊन गेले, हानीसाहेब बायकोला घेऊन आले आणि रागावलेले नसतानाही त्यांना सुकेळं मिळालं. दारिओ मुसफ्फाहून आला, फोटोकडे बघितलं, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिला.

निघायच्या दिवशी फ्लॅट रिकामा झाला. सामान कार्गोने गेलेलं, कॉफीचं भांडं त्यांनी माझ्या हातात दिलेलं, साबण लावायचा नाही या अटीवर. शेरॉन बॅगा घेऊन खाली गेली. लुसीबाई हॉलच्या मधोमध वॉकर धरून उभ्या होत्या, आंतोनचा फोटो पर्समध्ये, टोक बाहेर आलेलं. बिल्डिंगचा नातूर, आपल्याकडच्या वॉचमनसारखा, घरमालकाच्या वतीने भिंती तपासायला आला. पेशावरचा म्हातारा, त्यांना कित्येक वर्षं ओळखणारा. त्याने किचन पाहिलं, बेडरूम पाहिली, हॉलमध्ये आला आणि खिडकीशेजारी थबकला.

"मॅडम," तो जरा संकोचून म्हणाला, "इधर दीवार में कील है."

मी पुढे होऊन खिळा उपटायला हात घातला. लुसीबाईंनी वॉकरवरचा एक हात सोडून माझं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याकडे बघून हसल्या. "हाँ, खानभाई. मैं यहाँ रहती थी."